शेवटच्या तारखेची तालीम

भारचाचणी म्हणजे सॉफ्टवेअरवर खरी गर्दी येण्याआधी तशीच गर्दी मुद्दाम उभी करणे आणि ते किती झेपवते, कधी मंदावते, कुठे कोलमडते हे मोजणे. एक स्क्रिप्ट शेकडो-हजारो माणसांच्या वतीने लॉगिन करते, अर्ज भरते, फोटो चढवते, आणि प्रत्येक उत्तराला लागलेला वेळ टिपून ठेवते. एकट्या माणसाने बटण दाबले तर काम होते का, हे पाहणारी चाचणी वेगळी. तीत उत्तम ठरलेले ॲप गर्दीत टिकेलच, याची काही हमी नसते.

ही गर्दी समजून घ्यायला वाशीम जिल्हा चांगले उदाहरण आहे, कारण इथे गर्दीचे दिवस आधीच ठाऊक असतात. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा सोयाबीन आणि तुरीवर चालतो. पीक विमा, महाडीबीटीवरचे अर्ज, सातबारा आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी या सगळ्यांची गर्दी हंगामाला बांधलेली आहे. पेरणी सगळ्यांची एका वेळी, म्हणून अर्जही सगळ्यांचे एका वेळी. आणि पाऊस, फवारणी, निंदण यांतून सवड काढणारा शेतकरी बहुधा मुदतीच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांतच सेवा केंद्र गाठतो. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीममधील कार्यक्रमातून पीएम-किसानचा अठरावा हप्ता सोडला गेला. सुमारे ९.४ कोटी शेतकऱ्यांचे सुमारे २० हजार कोटी रुपये. पैसे वर्ग करणारी यंत्रणा ते काम टप्प्याटप्प्याने करू शकते. पण हप्ता सुटल्याची बातमी कानावर आली की ‘माझा जमा झाला का’ हे पाहणारे लोक टप्प्याटप्प्याने येत नाहीत. १६ जुलै २०२१ रोजी दहावीचा निकाल लागला, तेव्हा निकालाची संकेतस्थळे कित्येक तास उघडत नव्हती, हे राज्यातल्या लाखो घरांनी अनुभवले आहे. अशा दिवशी केंद्रासमोर ताटकळून परतणाऱ्या माणसाचा रोज बुडतो. भारचाचणीचे महत्त्व खरे तर एवढ्यावरूनच कळावे.

चाचणीची सुरुवात साधनापासून नव्हे, आकडेमोडीपासून होते. समजा, पीकनोंदीच्या एखाद्या ॲपवर शेवटच्या दिवशी सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात ६० हजार शेतकरी येतील, म्हणजे तासाला १० हजार. प्रत्येकाला नोंद पुरी करायला सरासरी सहा मिनिटे, म्हणजे तासाचा दहावा भाग लागतो. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम सांगतो की येण्याचा दर गुणिले थांबण्याचा काळ म्हणजे कोणत्याही क्षणी आत असलेली माणसे. इथे ती १ हजार होतात. प्रत्येक नोंदीत सर्व्हरला वीस विनंत्या जात असतील, तर सेकंदाला सुमारे ५६ विनंत्या. याच हिशेबात एक धोकाही दडलेला आहे. सर्व्हर मंदावून सहाची बारा मिनिटे झाली, तर शेतकरी तितकेच असूनही आत अडकलेली माणसे २ हजार होतात. त्यातच पडद्यावरचे चक्र फिरताना पाहून लोक पुन्हा पुन्हा बटण दाबतात आणि ओझ्यात आणखी भर पडते. सर्व्हर बसतो तो असा: आधी मंद, मग मंदपणामुळेच आणखी मंद.

ही घसरण अचानक का वाटते, ते बाजार समितीच्या वजनकाट्यावर दिसते. एका गाडीला सरासरी पाच मिनिटे लागतात असे धरू. गाड्यांचे येणे आणि वजनाचा वेळ दोन्ही अनियमित असतील, तर काटा निम्मा वेळ कामात असताना गाडीला रांगेसह सरासरी दहा मिनिटे लागतात. काटा ८० टक्के गुंतला की २५, ९० टक्क्यांना ५० आणि ९५ टक्क्यांना १०० मिनिटे. शेवटच्या पाच टक्के गर्दीने प्रतीक्षा दुप्पट केली. डेन्मार्कचे गणिती एर्लांग यांनी १९०९ मध्ये कोपनहेगनच्या टेलिफोन एक्स्चेंजसाठी सुरू केलेले रांगेचे गणित ते हेच. म्हणून ‘सध्या सर्व्हर ८० टक्केच वापरात आहे’ हे वाक्य ऐकून निर्धास्त होऊ नये.

साधनांपैकी सुरुवातीला सोयीचे अपाची जेमीटर. ते १९९८ मध्ये प्रथम उपलब्ध झाले आणि मोफत आहे. पायथॉन येणाऱ्यांना लोकस्ट जवळचे वाटते, जावास्क्रिप्टवाल्यांना के-सिक्स. जेमीटरमध्ये ‘थ्रेड ग्रुप’मध्ये आभासी वापरकर्त्यांची संख्या ठरते, ‘रॅम्प-अप’मध्ये ते किती वेळात आत सोडायचे ते, आणि ‘टायमर’मध्ये माणूस विचार करायला, गट क्रमांक शोधायला घेतो ती उसंत. स्क्रिप्ट जुळवायला खिडकीवाला पडदा ठीक. प्रत्यक्ष मोठा भार मात्र कमांड लाइनवरून द्यावा, नाहीतर आलेख काढण्यातच चाचणी करणारा संगणक दमतो आणि ती मंदी सर्व्हरच्या नावावर जमा होते.

पहिल्या स्क्रिप्टमध्ये तीन ठिकाणी हमखास चूक होते. ब्राउझरमधून लॉगिन रेकॉर्ड केले की त्या वेळचा टोकन, म्हणजे लॉगिनची तात्पुरती खूण, स्क्रिप्टमध्ये तसाच उतरतो. दुसऱ्या दिवशी तो शिळा झालेला असतो. सर्व्हर मग प्रत्येक विनंतीला मुकाट्याने लॉगिनचे पान परत पाठवतो, तेही ‘२००’ म्हणजे ‘सर्व ठीक’ या क्रमांकासह. अहवाल हिरवागार, वेळ झकास, आणि प्रत्यक्षात एकही पीक नोंदवलेले नाही! यावर उपाय म्हणजे टोकन दर वेळी उत्तरातून ताजा उचलणे आणि ‘असर्शन’ लावून पानावर ‘नोंद यशस्वी’ हे शब्द आहेत का ते तपासणे. दुसरी चूक, सगळ्यांना एकच गट क्रमांक देणे. मग उत्तर कॅशमधूनच, म्हणजे आधीच्या साठवलेल्या उत्तरांतूनच, मिळते आणि डेटाबेस आरामात बसतो. वेगवेगळ्या क्रमांकांची फाइल जोडावी लागते. तिसरी ओटीपीची: हजार खरे एसएमएस पाठवण्याऐवजी चाचणीपुरता नकली ओटीपी देणारा तुकडा बसवतात. शेताचे फोटो मात्र खऱ्याच आकाराचे असावेत, आणि काही आभासी वापरकर्ते मुद्दाम मंद जोडणीवर ठेवावेत. कारण रेंज जेमतेम असलेल्या शिवारातून चढणारा फोटो सर्व्हरची एक जोडणी मिनिटभर अडवून धरतो.

निकाल वाचताना सरासरी फसवते. १०० पैकी ९० विनंत्यांना एक सेकंद आणि दहांना तीस सेकंद लागले, तर सरासरी ३.९ सेकंद निघते, आणि तेवढा वेळ प्रत्यक्षात कोणालाच लागलेला नसतो. म्हणून ९५ वा शतमक पाहतात: १०० पैकी ९५ विनंत्या ज्या वेळेच्या आत पुऱ्या झाल्या ती वेळ. इथे ती ३० सेकंद येते. सोबत सेकंदाला पुऱ्या झालेल्या विनंत्या आणि चुकांचे प्रमाणही पाहावे. वापरकर्ते वाढवूनही पुऱ्या होणाऱ्या विनंत्या वाढेनाशा झाल्या आणि वेळ मात्र चढू लागला, की तिथे यंत्रणेची मर्यादा लागली.

अडथळा कुठे आहे हे शोधणे हा यातला सर्वांत रंजक भाग. प्रोसेसर जेमतेम २० टक्के वापरात असतो, तरी पाने उघडत नाहीत. बहुधा डेटाबेसकडे जाणाऱ्या जोडण्या मोजक्या ठेवलेल्या असतात. जोडण्या दहा आणि प्रत्येक विनंती जोडणी पाव सेकंद अडवते, तर सेकंदाला ४० च्या वर विनंत्या जाऊच शकत नाहीत, मग सर्व्हर कितीही दणकट घ्या. दुसरे नेहमीचे कारण म्हणजे इंडेक्स, म्हणजे झटपट शोधासाठीची सूची, नसलेला तक्ता. चाचणीच्या डेटाबेसमध्ये ५०० ओळी असताना ते कळतही नाही. खऱ्या आठ लाख ओळींत प्रत्येक शोधाला सगळा तक्ता चाळावा लागतो. म्हणून चाचणीतला डेटा खऱ्याइतका मोठा हवा.

अपेक्षित गर्दीची चाचणी झाली की भार वाढवत मोडेपर्यंत नेण्याची ताणचाचणी, एका मिनिटात झुंबड सोडण्याची उसळीचाचणी आणि मध्यम भार रात्रभर चालू ठेवण्याची दीर्घचाचणी करतात. मेमरीची गळती या शेवटच्या प्रकारात सापडते. मुदतीच्या कामांसाठी उसळीचाचणी टाळणे परवडत नाही. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१३ रोजी सुरू झालेल्या आरोग्यविम्याच्या हेल्थकेअर डॉट गव्ह या संकेतस्थळावर पहिल्या दिवशी अवघ्या सहा जणांची नोंदणी पुरी झाली होती.

दुसऱ्याच्या संकेतस्थळावर परवानगीशिवाय असा भार टाकणे हा हल्लाच ठरतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चे कलम ४३ त्याला लागू होऊ शकते. स्वतःच्या यंत्रणेवरही होस्टिंग देणाऱ्याला आधी कळवून, शक्यतो वेगळ्या पण तशाच सर्व्हरवर चाचणी घेतात. एका वेळी एकच बदल करायचा, तीच स्क्रिप्ट तेवढ्याच भाराने पुन्हा चालवायची आणि आधीच्या आकड्यांशेजारी नवे आकडे लिहायचे. मुदतीच्या महिनाभर आधी हे सुरू केले, तर इंडेक्स घालायला, जोडण्या वाढवायला आणि पुन्हा मोजायला वेळ उरतो.