स्थानिक वनस्पतींवर आधारित शाश्वत परिसररचना : महाविद्यालयीन परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :

फाटकापासून इमारतीपर्यंत गुलमोहराची रांग, मध्यभागी हिरवळ आणि कडेने शोभेच्या कुंड्या, असे चित्र अनेक महाविद्यालयांत दिसते. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेच्या (नॅक) २०१७ च्या सुधारित आराखड्यात वृक्ष-वनस्पतींनी युक्त हरित परिसररचनेचा अंतर्भाव होता. त्यामुळे हा विषय महाविद्यालयाच्या शैक्षणिक कामकाजाशीही जोडला गेला. मात्र किती झाडे लावली यापेक्षा कोणती झाडे कोणत्या जमिनीत लावली, हा प्रश्न अधिक मूलभूत आहे. प्रस्तुत लेखात त्याचे विवेचन केले आहे.

'स्थानिक' या संज्ञेचा अर्थ :

गुलमोहर मूळचा मादागास्करचा, गिरिपुष्प मध्य अमेरिकेतील, तर निलगिरी ऑस्ट्रेलियातील होय. तथापि वनस्पती भारतीय किंवा महाराष्ट्रातील असणे एवढेच पुरेसे नाही. ताम्हण हे महाराष्ट्राचे राज्यपुष्प आहे. कोकण व सह्याद्रीतील नदी-ओढ्यांचे काठ हे त्याचे नैसर्गिक वसतिस्थान होय. तेच झाड पर्जन्यछायेतील उथळ मुरमाड जमिनीत लावल्यास त्यास सतत पाणी पुरवावे लागते. कोकणात वार्षिक पर्जन्य सामान्यतः २५०० मिलिमीटरच्या आसपास वा त्याहून अधिक असतो. पर्जन्यछायेतील अनेक तालुक्यांत तो ५०० ते ६०० मिलिमीटर इतकाच असतो. अशा कोरड्या भागात हिवर, मेडशिंगी, पळस, बोर व तरवड, तर कोकणात उंडी, सुरंगी व कोकम या वनस्पती स्वाभाविक ठरतात. म्हणजेच 'स्थानिक' ही संज्ञा राज्याच्या सीमेवरून नव्हे, तर माती, पर्जन्य व भूरचना यांवरून ठरवावी लागते.

पाण्याचा हिशेब :

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. १००० चौरस मीटर हिरवळीस उन्हाळ्यात दररोज ५ मिलिमीटर पाणी द्यावयाचे ठरविल्यास दिवसाला ५,००० लिटर व ९० दिवसांत ४,५०,००० लिटर पाणी लागते. टँकरवर अवलंबून असणाऱ्या गावातील महाविद्यालयास हा खर्च केवळ आर्थिक नसतो. याउलट मारवेल, कुसळी यांसारखी गवते उन्हाळ्यात वाळतात आणि पावसाबरोबर पुन्हा हिरवी होतात. वाळलेले गवत म्हणजे उजाडपणा नव्हे, तो ऋतुचक्राचा भाग आहे.

जीवसृष्टीशी नाते :

अनेक फुलपाखरांच्या अळ्या ठरावीक वनस्पतींचीच पाने खातात. 'प्लेन टायगर' या फुलपाखराच्या अळ्या रुईवर, तर 'कॉमन एमिग्रंट'च्या बहाव्यावर वाढतात. शिशिरात पानगळ झालेल्या पळस, पांगारा व काटेसावरीच्या फुलांवर मैना, बुलबुल, शिंजीर मध घेण्यास येतात. सुबाभळीचे बी मात्र सर्वत्र रुजून इतर झाडोऱ्याची जागा घेते. जगातील शंभर उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या प्रसिद्ध यादीत सुबाभूळ व घाणेरी या दोहोंचाही समावेश आहे. मोकळे माळरानही पडीक समजू नये; चंडोलासारखे पक्षी तेथे जमिनीवरच घरटी करतात. तेथे दाट वृक्षारोपण केल्यास त्यांचा निवारा नष्ट होतो.

अंमलबजावणीची दिशा :

१) वनस्पतिशास्त्र विभागाने परिसराची माती, उतार व आसपासच्या टेकड्या-ओढ्यांवरील वनस्पती यांची नोंद करावी.

२) रोपवाटिकांत स्थानिक रोपे सहज मिळत नाहीत. त्यामुळे जवळपासचे बी गोळा करून रोपे आधीच तयार करावीत.

३) वृक्ष, झुडपे व गवत असे तिन्ही स्तर राखावेत.

४) लागवड पहिल्या चांगल्या पावसानंतर करावी. स्थानिक रोपांनाही पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी आवश्यक असते.

५) पाचोळा न जाळता झाडांच्या बुंध्याभोवती पसरावा, त्यामुळे ओलावा टिकतो.

६) सावली देणारी जुनी विदेशी झाडे तोडू नयेत. नागरी क्षेत्रात वृक्षतोडीस १९७५ च्या महाराष्ट्र वृक्ष संरक्षण व जतन अधिनियमानुसार परवानगी लागते. अशी झाडे वठतील तसतशी त्यांच्या जागी स्थानिक झाडे लावणे योग्य ठरते.

समारोप :

शाश्वत परिसररचना म्हणजे अधिक झाडे नव्हेत, तर त्या भूमीस पेलवतील अशी झाडे होत. म्हणून अहवालात लावलेल्या रोपांच्या संख्येबरोबर तीन वर्षांनंतर जगलेल्या रोपांची संख्या व वापरलेले पाणी यांचीही नोंद व्हावी. अशी नोंद ठेवणारा परिसर विद्यार्थ्यांसाठी शोभेबरोबरच अभ्यासाचे साधनही ठरेल.