लंघन आणि काविळीची धास्ती

पोटांत गुबारा, अन्नावर वासना नाहीं, आणि तपासणींत रक्तांतील बिलिरुबिन १.२ ऐवजीं २ निघालें, कीं घरांत काविळीची कुजबुज सुरू होते. तूपतेल बंद, लंघन चालू! परंतु रक्तक्षय नसून यकृताच्या इतर चांचण्या निर्दोष असतील, तर ही बहुधा फ्रेंच वैद्य गिल्बर्ट यांनीं १९०१ सालीं वर्णिलेली जन्मजात ठेवण असते. जीर्ण रक्तकणांतून निघणारा पिंवळा रंग निकालांत काढणारें यकृतांतील विकर मंद, इतकेंच. गंमत अशी कीं, लंघनानें हाच आंकडा चढतो. मग मनुष्य अधिक भितो, अधिक उपाशी राहतो, आरशांत डोळे न्याहाळीत बसतो. (निर्जळी एकादशीच्या दुसऱ्या सकाळीं रक्त तपासावयास देऊं नये, हें ओघानेंच आलें.) पोटाच्या तक्रारीचें कारण निराळें शोधावें. लघवी गडद, शौच पांढुरकें किंवा ज्वर असेल, तर मात्र डॉक्टरांकडे जाण्यास विलंब नको.