बालप्रतिभेला सत्कार नको, शाळा हवी

लहान वयात विलक्षण चित्रे काढणारे मूल दिसले की आपला समाज हरखून जातो. मान्यवरांच्या हस्ते सत्कार होतो, छायाचित्रे छापून येतात आणि 'दैवी देणगी' या शब्दांची उजळणी होते. काही वर्षांनी त्या मुलाचे काय झाले, हे विचारण्याची तसदी मात्र क्वचितच कोणी घेतो. मला हा प्रश्न केवळ कौटुंबिक वाटत नाही. तो सार्वजनिक धोरणाचाही आहे. लखनऊच्या एका चित्रकाराची सुरुवातीची वाटचाल पाहिली की तो अधिक स्पष्ट होतो.

ललितमोहन सेन यांचा जन्म 1898 मध्ये बंगालमधील नदिया जिल्ह्यातल्या शांतिपूर या विणकरांच्या गावी झाला. वयाच्या तेराव्या वर्षी ते शिक्षणासाठी लखनऊला आले. त्याच सुमारास, 1911 मध्ये, संयुक्त प्रांताच्या सरकारने या शहरात कला आणि हस्तव्यवसायांचे विद्यालय सुरू केले होते. नॅथॅनियल हर्ड हे त्याचे पहिले प्राचार्य. सेन यांनी 1912 मध्ये तेथे प्रवेश घेतला, तेव्हा ते जेमतेम 14 वर्षांचे होते. 1917 मध्ये ते उत्तीर्ण झाले आणि पुढे त्याच संस्थेत शिकवू लागले. 1925 मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये ते दाखल झाले. काष्ठठशांच्या मुद्राचित्रणातील त्यांचे प्रभुत्व तेथे पक्व झाले. लंडनमधील इंडिया हाउसच्या भिंती रंगविण्यासाठी ज्या चार भारतीय चित्रकारांची निवड झाली, त्यांत सेन होते. असितकुमार हल्दार यांच्यानंतर लखनऊच्या विद्यालयाचे प्राचार्यपदही त्यांच्याकडे आले. 1954 मध्ये त्यांचे निधन झाले.

या हकिकतीत चमत्कार शोधू पाहणाऱ्याची निराशा होईल. पण तिच्यातील एक योगायोग दुर्लक्षिण्याजोगा नाही. सेन दोन-तीन वर्षे आधी लखनऊला आले असते, तर ज्या सरकारी विद्यालयाने त्यांना घडवले ते तेथे नसतेच. परक्या प्रांतातून आलेल्या किशोराला घडविणारी संस्था योग्य वेळी उभी राहिली, म्हणून हातातले कौशल्य व्यवसाय बनू शकले. पुढे तोच मुलगा शिक्षक झाला आणि घेतलेले ज्ञान अनेक पिढ्यांना परत करू शकला. संस्थेवरील खर्चाचा परतावा असा मिळतो. तो एका अर्थसंकल्पी वर्षात मोजता येत नाही.

याच्याशेजारी दुसरी दोन आयुष्ये ठेवून पाहावीत. अमृता शेरगिल सोळाव्या वर्षी पॅरिसला शिकायला गेल्या आणि 1933 मध्ये तेथील ग्राँ सालोंच्या सहसदस्य झाल्या. त्यांची प्रतिभा निर्विवाद होती, परंतु तिच्यामागे कुटुंबाची ऐपतही होती. कोचीचा एडमंड थॉमस क्लिंट 1983 मध्ये वयाची सात वर्षे पूर्ण होण्यास महिनाभर उरला असताना मूत्रपिंडाच्या विकाराने गेला. मागे राहिली ती 25 हजारांहून अधिक चित्रे. क्लिंटला काळाने वेळ दिला नाही आणि शेरगिल यांना घराने साधने दिली. बाकीच्या असंख्य मुलांना वेळ आहे, पण साधने नाहीत. धोरण आखायचे ते त्यांच्यासाठी.

लखनऊने हे सूत्र संगीतातही जाणले होते. 1926 मध्ये पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी तेथे संगीत महाविद्यालय उभारले, ते प्रांताचे तत्कालीन शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली यांच्या पाठबळावर. घराण्यांच्या उंबरठ्याआड असलेली विद्या वर्गात, अभ्यासक्रमासह आणि कोणासाठीही खुली असावी, हा भातखंडे यांचा आग्रह होता. एका मराठी विद्वानाची दृष्टी आणि एका मंत्र्याची इच्छाशक्ती एकत्र आल्यावर काय घडते, याचे हे उदाहरण आजच्या राज्यकर्त्यांनी अभ्यासावे असे आहे.

आज आपण कोठे आहोत? शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या अनुसूचीनुसार सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील तेथेच कलाशिक्षणासाठी शिक्षक हवा. तोही अंशकालीन निदेशक. म्हणजे लहान गावातील लहान शाळा आरंभीच वगळली जाते. केंद्र सरकारच्या सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्राने 1982 पासून 10 ते 14 वयोगटासाठी प्रतिभाशोध शिष्यवृत्ती चालवली आहे. योजनेचा हेतू उत्तम आहे, शिकवणीच्या शुल्काची मर्यादित भरपाईही मिळते. पण देशभरासाठी वर्षाला सुमारे 650 शिष्यवृत्त्या आणि दीर्घकाळ 3,600 रुपये वार्षिक रक्कम, म्हणजे महिन्याला 300 रुपये, हे प्रमाण आपला प्राधान्यक्रम सांगून जाते.

महाराष्ट्राची स्थिती तुलनेने बरी आहे. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा खेड्यापाड्यांतील मुलांपर्यंत पोहोचल्या आहेत. परंतु दहावीच्या निकालात मिळणारे वाढीव गुण हेच त्यांचे मुख्य आकर्षण ठरले, तर परीक्षा उरते आणि चित्रकला हरवते. परीक्षेतून पुढे आलेल्या गुणी मुलाला पुढची पायरी कोणती, याचे उत्तर व्यवस्थेकडे असायला हवे.

गरीब देशाने चित्रकलेवर खर्च का करावा, असा आक्षेप अपेक्षित आहे. त्याला वसाहती सरकारचेच उत्तर पुरेसे आहे. लखनऊचे विद्यालय त्याने कलाप्रेमापोटी नव्हे, तर हस्तव्यवसायांच्या उपयुक्ततेसाठी काढले. चिकनकारीच्या शहरात रेखाटन ही उपजीविका होती. येवल्याच्या पैठणीला आणि पालघरच्या वारली चित्रांनाही हेच लागू पडते. उपयुक्ततेसाठी उघडलेल्या त्या दारातून सेन यांच्यासारखा कलावंत आत आला, हा वरकड लाभ.

म्हणून मागणी साधी आहे. पटसंख्येची अट शिथिल करून शाळांच्या समूहामागे एक पूर्णवेळ कलाशिक्षक द्यावा, शिष्यवृत्तीची रक्कम महागाईशी जोडावी आणि जिल्ह्याच्या ठिकाणी तेराव्या-चौदाव्या वर्षी प्रवेश मिळेल असा कलाशाळेचा वर्ग असावा. प्रतिभा कोठे जन्म घेईल हे कोणतेही सरकार ठरवू शकत नाही. ती कोठे शिकेल, हे मात्र सरकारलाच ठरवावे लागते.