काकुरो: बेरीज नंतर, टोकं आधी

नागपुरात मे महिन्याच्या दुपारी बाहेर पडायची सोय नसते. कूलरपुढं बसून करायच्या उद्योगांत काकुरोसारखा दुसरा नाही. शब्दकोड्यासारखीच आडवी-उभी जाळी, फक्त अक्षरांऐवजी 1 ते 9 हे अंक आणि शोधसूत्रांऐवजी बेरजा. 1960च्या दशकात अमेरिकेतल्या डेल मासिकांत हे कोडं 'क्रॉस सम्स' नावानं येत असे. जपानच्या निकोली प्रकाशनानं ते उचललं आणि 2005च्या सुमारास, सुडोकूच्या पाठोपाठ, ते इंग्लंडच्या वर्तमानपत्रांत पोचलं.

आधी जाळी वाचू. काही काळी घरं तिरप्या रेघेनं दुभागलेली असतात. रेघेच्या वर, उजवीकडे छापलेला आकडा त्या घराच्या उजवीकडच्या पांढऱ्या घरांची बेरीज सांगतो. खाली, डावीकडे छापलेला आकडा खालच्या घरांची. पुढचं काळं घर येईपर्यंतच्या सलग पांढऱ्या घरांना आपण पट्टी म्हणू. एका पट्टीत एक अंक एकदाच, आणि शून्य कुठेच नाही.

सुडोकूची सवय असलेले इथे हमखास अडकतात. त्यांना वाटतं, अख्ख्या ओळीत अंक पुन्हा येता कामा नये. तसं नाही. मध्ये काळं घर आलं की नवी पट्टी सुरू, आणि तिथे तोच अंक खुशाल चालतो.

आता मुख्य गोष्ट. भास्कराचार्यांनी 1150 मध्ये लिहिलेल्या 'लीलावती'त अंकपाश नावाचं प्रकरण आहे. त्यात एक प्रश्न येतो: शून्य न वापरता, अंकांची बेरीज 13 होईल अशा पाच अंकी संख्या किती? उत्तर 495. काकुरोत मात्र पाच घरांना 13 ही बेरीज कधीच मिळणार नाही, कारण अंक वेगवेगळे हवेत आणि 1+2+3+4+5 म्हणजेच 15. एकच अंक दोनदा वापरायला बंदी केली की 495चा पसारा थेट शून्यावर येतो. काकुरो सुटतं ते याच बंदीमुळे. तोंडी बेरजेत तरबेज असणं ही दुय्यम बाब.

म्हणून सुरुवात टोकाच्या बेरजांपासून. दोन घरांना 10 असेल तर चार जोड्या संभवतात, पण 3 म्हणजे 1 आणि 2च, 4 म्हणजे 1 आणि 3च (2+2 चालत नाही, आणि घाईत हेच विसरलं जातं), 16 म्हणजे 7 आणि 9, 17 म्हणजे 8 आणि 9. तीन घरांत 6, 7, 23 आणि 24 यांचाही एकेकच संच: 1-2-3, 1-2-4, 6-8-9, 7-8-9. पाठ करायची गरज नाही. चार कोडी सोडवली की आपोआप बसतात.

एक छोटा कोपरा घेऊ: दोन बाय दोन घरं. वरची आडवी पट्टी 4, डावी उभी पट्टी 3. वरच्या पट्टीत 1 किंवा 3, डाव्या पट्टीत 1 किंवा 2. दोघींच्या सामाईक घरात दोघींना चालणारा अंक एकच, 1. मग त्याच्या उजवीकडे 3, खाली 2. उजवी उभी पट्टी 12 असेल तर शेवटचं घर 9. आणि खालच्या पट्टीवर 11 छापलेले असले पाहिजेत: 2+9. हा ताळा प्रत्येक वेळी पाहावा. चूक लगेच सापडते.

संच एकापेक्षा जास्त असले तरी हात टेकायचे नाहीत. तीन घरांना 8 असेल तर 1-2-5 किंवा 1-3-4. म्हणजे 1 नक्की आहे, जागा तेवढी ठरायची. शक्य अंक घराच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक लिहून ठेवावेत.

लांब पट्टी दिसली की लोक घाबरतात, खरं तर ती सोपी. 1 ते 9ची बेरीज 45 (हा आकडा नागपूरकराला मे महिन्यात वेगळा सांगावा लागत नाही). आठ घरांना 38 असेल तर गायब अंक 7, एका वजाबाकीत.

सगळं अडलं तर कोपरा तोलून पाहावा. समजा, कोपऱ्यात तीन-तीन घरांच्या तीन उभ्या पट्ट्या आहेत: 9, 20, 15. एकूण 44. तीच नऊ घरं व्यापणाऱ्या आडव्या पट्ट्या 12, 17 आणि 21, एकूण 50. यातली शेवटची पट्टी एक घर बाहेर डोकावते. मग त्या बाहेरच्या घरात 6च हवा. आतलं एकही घर भरलेलं नसताना हे कळतं, आणि मला तरी काकुरोतली सगळ्यात गोड जागा हीच वाटते.

अंदाजानं मात्र एकही घर भरू नये. चुकीचा अंक लगेच बोलत नाही. दहा-बारा घरं पुढं गेल्यावर ताळा मोडतो आणि तोवर कुठून बिघडलं ते आठवत नाही. तसं झालंच तर, ज्या घरांचं कारण आपल्याला तोंडी सांगता येतं तेवढी ठेवावीत आणि बाकीची सरळ खोडावीत.