खोट असलेला हिरा

जवाहिरा हिरा भिंगाखाली धरतो तो त्यातली खोट हुडकायला. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठात तूनो व्हान डेर सार यांच्या गटाला मात्र खोटच हवी असते, आणि तीही एकाच जातीची: कार्बनच्या जाळीत एका जागी नायट्रोजनचा अणू घुसलेला, शेजारची जागा रिकामी. या जोडगोळीला एनव्ही केंद्र म्हणतात.

हिरवा लेसर पडला की हे केंद्र तांबडं चमकतं. तिथल्या इलेक्ट्रॉनांचा स्पिन, म्हणजे त्यांचं अंगचं चुंबकत्व, शून्य अवस्थेत असला तर चमक जास्त, वरच्या अवस्थेत गेला की कमी. वर ढकलायला २.८७ गिगाहर्ट्झच्या मायक्रोवेव्ह लागतात. केंद्राच्या अक्षावर चुंबकीय क्षेत्र असेल तर हा आकडा दर गॉसला २.८ मेगाहर्ट्झने सरकतो. चमक नेमकी कुठे मंदावते ते पाहिलं की क्षेत्र मोजून झालं, तेही साध्या खोलीच्या तापमानाला! २००८ साली हार्वर्ड आणि श्टुटगार्टच्या गटांनी हे करून दाखवलं.

पण स्थिर चुंबक मोजणं हे त्या मानाने सरळ काम. डेल्फ्टला बघायचं असतं ते हलतं चुंबकत्व. यट्रियम आयर्न गार्नेट, म्हणजे यिग, या चुंबकीय पदार्थाच्या काहीशे नॅनोमीटर जाडीच्या पापुद्र्यात स्पिनलहरी, म्हणजे स्पिनांच्या डोलण्याच्या लहरी, धावतात. भरल्या जोंधळ्यावरून वारा जावा तसं: लहर पुढे सरकते, ताट जागेवरच डोलतं. यिग विद्युतरोधक असल्याने वीज वाहत नाही, त्यामुळे तारेसारखी उष्णताही होत नाही. भविष्यातल्या चिपवाल्यांचा डोळा आहे तो यावर.

पापुद्र्यावरच्या सोन्याच्या बारीक पट्टीत मायक्रोवेव्ह सोडतात. लहर उठते आणि तिचं क्षेत्र वर ठेवलेल्या हिऱ्यापर्यंत पोचतं. पट्टीचं स्वतःचं क्षेत्रही तिथे असतंच. कुठे दोन्ही एकमेकांना जोर देतात, कुठे मारतात. चमकेचा नकाशा काढला की उजेड-अंधाराचे पट्टे उमटतात, आणि दोन पट्ट्यांतल्या अंतरावरून लहरीची लांबी कळते. २०२० साली या गटाने असे नकाशे प्रसिद्ध केले.

यातली खरी डोकेदुखी हिऱ्याची नव्हे, धुळीची. लहरीचं क्षेत्र वर जाताना झपाट्याने विरतं, आणि लहर जितकी आखूड तितकं लवकर. हिऱ्याखाली कण अडकून फट मायक्रोमीटरभर झाली, तर शंभर नॅनोमीटरची लहर दिसायची आशा सोडावी. काही जण म्हणून हिऱ्याची सुईच करतात आणि केंद्र तिच्या टोकाशी ठेवतात.

मला सर्वांत आवडलेला प्रयोग डेल्फ्टच्या गटाचाच, २०२३चा. पापुद्र्यावर अतिवाहक धातूची पट्टी होती. प्रकाश धातूतून आरपार जात नाही, त्यामुळे नेहमीच्या प्रकाशीय पद्धतींना तिच्याखालचं काही दिसत नाही. हिऱ्याला मात्र लहरीचं क्षेत्र धातूतूनही जाणवलं. पट्टीखाली लहरीची लांबी बदलते आणि तापमानाने ती कमीजास्त करता येते, हे उघड झालं.

आपल्याकडे पवईला आयआयटी मुंबईत कस्तुरी साहा यांचा गट याच केंद्रांवर काम करतो. चिपमधल्या प्रवाहांचं चुंबकीय चित्र घेणारं यंत्र बनवण्यासाठी २०२४ साली टीसीएसने या गटाशी हातमिळवणी केली आहे.