सरळ दोऱ्यांची वक्र भिंत

शाळेत हस्तकलेच्या तासाला पुठ्ठ्याच्या उभ्या-आडव्या कडांना टाचण्या खोचून आपण दोरा ताणला होता, आठवतं? उभ्या कडेची सर्वांत वरची टाचणी आडव्या कडेच्या कोपऱ्याजवळच्या टाचणीला जोडायची. मग एकेक खाली, एकेक पुढे. प्रत्येक दोरा सरळ, तरी मधोमध सुरेख कमान उमटते!

इंजिनिअर आणि संगीतकार यानिस झेनाकिस यांनी ही कमान सुरांनी विणली. ते पॅरिसमध्ये वास्तुरचनाकार ले कॉर्ब्युझिए यांच्या कार्यालयात काम करत. व्हायोलिनला सतारीसारखे पडदे नसतात, त्यामुळे बोट तारेवर अखंड घसरू शकतं. आपली मींडच म्हणा. आलेखाच्या कागदावर वेळ आडवी आणि स्वराची उंची उभी मांडली, तर एकसारखी चढणारी मींड म्हणजे तिरपी सरळ रेघ. 'मेटास्टॅसिस' (१९५३-५४) या वाद्यवृंदाच्या रचनेत त्यांनी ४६ तंतुवाद्यांना स्वतंत्र ओळी दिल्या. कुणाची रेघ उभट, कुणाची निवांत. कानाला मात्र एकच वळता, फुगता पृष्ठभाग जाणवतो.

१९५८च्या ब्रुसेल्स जागतिक प्रदर्शनातल्या फिलिप्स मंडपाच्या काँक्रीटच्या वक्र भिंतीही त्यांनी अशाच सरळ रेघांवर बेतल्या.

मग चारच वादक असतील तर? 'टेट्रास' (१९८३) ही त्यांची चौकडीसाठीची रचना मला अधिक थरारक वाटते. गर्दी नसल्याने प्रत्येक रेघ सुटी ऐकू येते. दोन मींडी एकमेकींजवळ सरकल्या, की तंबोरा जुळवताना येतात तशी आंदोलनं उठतात. ती मंदावत जातात आणि सूर एकमेकांना छेदून निघून जातात.