पोटच्या पोराला बाक, परक्या पोराला सायकल

२०२४ साली ‘मैदान’ सिनेमा आला आणि भारतीय फुटबॉल संघाचे जुने प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांचं नाव फुटबॉलशी काडीचा संबंध नसलेल्या घरांतही पोचलं. अजय देवगणची सिगारेट, जकार्ताचं खच्चून भरलेलं स्टेडियम, शेवटचा सामना... सगळं लोकांनी पाहिलं. पण संघाबरोबर राहिलेल्या माणसांनी पुढची पन्नास-साठ वर्षं रहीमसाहेबांच्या ज्या गोष्टी सांगितल्या, त्यांतल्या बऱ्याच मैदानाबाहेर घडलेल्या आहेत. कुणाच्या खिशात पैसे नव्हते, कुणाला झोप येत नव्हती, कुणाला संघात घ्यायचं आणि कुणाला नाही, अशा त्या गोष्टी.

आपल्या शहरात या माणसाची आठवण काढायला एक जादा कारणही आहे. रहीमसाहेब हैदराबादचे आणि १९५६ पर्यंत आपलं औरंगाबादही हैदराबाद राज्यातच होतं. १९५१ मध्ये दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत त्यांच्या संघाने इराणला १-० ने हरवून सुवर्ण जिंकलं, तेव्हा मराठवाड्याचा कारभार हैदराबादहूनच चालायचा. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला. त्यानंतर बरोबर महिन्याने, १ डिसेंबरला, मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये त्यांच्या संघाने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ ने घरी बसवलं. म्हणजे त्यांच्या मोठ्या पराक्रमाच्या वेळी आपण नुकतेच त्यांच्या राज्यातून बाहेर पडलो होतो. पाहुणा म्हणून नव्हे, जुना शेजारी म्हणून त्यांचे किस्से ऐकायला हरकत नाही.

मास्तर मैदानात

रहीमसाहेब पेशाने शिक्षक. हैदराबादच्या शाळांमध्ये त्यांनी शिकवलं, नंतर शारीरिक शिक्षणाकडे वळले. १९५० पासून हैदराबाद सिटी पोलिस संघ त्यांच्या हाताखाली होता. या संघाने मुंबईच्या कूपरेज मैदानावर १९५० ते १९५४ अशी ओळीने पाच वर्षं रोव्हर्स कप उचलला. कोलकात्याच्या बड्या क्लबांची मक्तेदारी असण्याचे ते दिवस, आणि त्यांना पाणी पाजत होते हैदराबादचे पोलिस शिपाई. मुंबईच्या प्रेक्षकांना ते पचायला जरा वेळच लागला असणार.

त्यांची शिकवण्याची पद्धत अस्सल मास्तरकीची होती. पोरांना चेंडू पायात घोळवायची फार हौस. तिघांना चकवायचं, चौथ्याने पाडायचं आणि मग पंचाकडे बघत हात पसरायचे. रहीमसाहेबांनी त्यावर भाषण दिलं नाही. त्यांनी चक्क स्पर्धाच वेगळी भरवली, ज्यात चेंडू घोळवायलाच बंदी. आला की लगेच पुढे द्यायचा. आणखी एक स्पर्धा अशी की खेळाडूने फक्त आपल्या कच्च्या पायाने खेळायचं. उजव्याचा डावा, डाव्याचा उजवा.

आमखास मैदानावर कुठल्याही संध्याकाळी हा नियम लावून बघा. पहिली दहा मिनिटं नुसता गोंधळ होईल. चेंडू आल्यावर विचार करायचा तर उशीर झालेला असतो. विचार चेंडू यायच्या आधी करावा लागतो. पंधराव्या मिनिटाला पोरं मान वर करून कोण कुठे उभा आहे ते बघू लागतात. मग गंमत अशी होते की संघातला सगळ्यात भारी ड्रिब्लर आणि सगळ्यात बुजरा पोरगा यांच्या वाट्याला चेंडू सारखाच येतो. मैदानावर ज्याला कुणी विचारत नव्हतं, त्यालाही पास मिळायला लागतो. ही रहीमसाहेबांची व्यूहरचना होती, आणि त्यांचा स्वभावही.

भाड्याची सायकल

तुलसीदास बलराम हा सिकंदराबादजवळच्या अम्मूगुड्याचा पोरगा. घरची गरिबी. पोराने फुटबॉलच्या नादी लागू नये, चार पैशांची नोकरी धरावी, असं घरी वाटणं साहजिक होतं. रहीमसाहेबांनी त्याचा खेळ पाहिला आणि सरावाला हैदराबादला यायला सांगितलं. पोरगा गप्प. रोज तेवढ्या लांब यायचं तर पैसे कुठून आणायचे?

साहेबांनी सायकलच्या भाड्याचे पैसे दिले. पुढे बलराम मोठा खेळाडू झाला तरी ही गोष्ट सांगायला विसरला नाही.

भाड्याची सायकल म्हणजे काय हे ज्यांचं बालपण जुन्या औरंगाबादेत गेलं त्यांना समजावून सांगायला नको. तासावर भाडं, दुकानदाराच्या वहीत नाव आणि वेळ, चेन उतरली तर हात काळे, उशीर झाला तर बोलणी. तरीही ती सायकल मिळणं म्हणजे त्या दिवसापुरतं राज्य मिळणं. रहीमसाहेबांनी बलरामला बूट दिले असते, शाबासकी दिली असती, तरी तो घरीच राहिला असता. अडचण बुटांची नव्हतीच, अंतराची होती. ती त्यांनी बरोबर हेरली आणि तेवढीच सोडवली.

त्या सायकलीने केवढा पल्ला गाठला बघा. १९५६ मध्ये बलराम मेलबर्नला गेला. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये त्याने हंगेरी आणि पेरूविरुद्ध गोल केले. १९६२ मध्ये जकार्ताला तो आघाडीच्या फळीत होता आणि त्या फळीची दहशत आशियाभर होती.

दहा गोलांनंतर

सगळेच किस्से काही गोड नाहीत. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ ने धुतलं. आपले बरेचसे खेळाडू अनवाणी खेळले होते. हैदराबादच्या किंवा कोलकात्याच्या मैदानावर अनवाणी पाय ही ताकद होती, फिनलंडच्या थंड, ओल्या गवतावर ती शिक्षा ठरली. त्यानंतर भारतीय फुटबॉलमध्ये बूट सक्तीचे झाले.

अशा हारीनंतर बळीचा बकरा शोधायची आपल्याकडे जुनी चाल आहे. रहीमसाहेबांनी मात्र संघ पुन्हा बांधायला घेतला. बूट घालून खेळायची सवय लावायची, चेंडू लवकर सोडायला शिकवायचं, नवी पोरं हुडकायची. चार वर्षांनी मेलबर्नमध्ये त्याच भारताचा संघ ऑलिम्पिकच्या उपांत्य फेरीत होता. ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारले ते नेव्हिल डिसोझाने. मूळचा गोव्यातल्या आसगावचा, मुंबईत टाटांकडून खेळणारा. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. भारत त्या स्पर्धेत चौथा आला. तेवढं पुढे आपण पुन्हा कधी गेलो नाही.

बाप की कोच?

आता तो किस्सा, जो ऐकून निवड समितीवरची मंडळी जरा खुर्चीत हलतात.

१९६० च्या रोम ऑलिम्पिकच्या संघात सय्यद शाहिद हकीम होता. रहीमसाहेबांचा सख्खा मुलगा. गुणी खेळाडू, संघातली जागा त्याने कमावलेली. रोममध्ये भारताचे तीन सामने झाले. हंगेरीविरुद्ध १-२ अशी झुंजार हार, फ्रान्सशी १-१ बरोबरी, पेरूविरुद्ध १-३ अशी हार. या तिन्ही सामन्यांत मिळून हकीमच्या वाट्याला एक मिनिटही आलं नाही.

तेव्हा सामना सुरू झाल्यावर खेळाडू बदलायची सोय नव्हती. सामना हातचा गेल्यावर शेवटची दहा मिनिटं पोराला उतरवून त्याच्या नावापुढे ‘ऑलिम्पिक सामना खेळला’ एवढं लिहून घ्यायची पळवाटही नव्हती. सुरुवातीच्या अकरात घ्यायचं किंवा नाही घ्यायचं, एवढाच सवाल. घेतलं असतं तरी फार गवगवा झाला नसता. पेरूविरुद्धच्या सामन्यापर्यंत पुढच्या फेरीची आशा मावळलीच होती. पण त्या अकरात दुसऱ्या कुणाच्या तरी पोराची जागा होती. दोन वर्षांनी जकार्तात सुवर्णपदक घेणाऱ्या संघातही हकीमचं नाव नाही.

याला कुणी कठोरपणा म्हणेल. पण अम्मूगुड्याची सायकल आणि रोमचा बाक हे एकाच हिशेबातले दोन आकडे आहेत. ज्याच्यापाशी नाही त्याला पुरवायचं आणि ज्याला आपल्या नात्याचा फायदा मिळू शकतो त्याला तो मिळू द्यायचा नाही. माणूस दयाळू असला की तो सगळ्यांना सूट देतो असा आपला समज. रहीमसाहेबांची दया सूट देत नव्हती, संधी सारखी करत होती.

जकार्ता

१९६२ ची आशियाई स्पर्धा. इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानला येऊ दिलं नव्हतं. भारताचे क्रीडा प्रशासक गुरुदत्त सोंधी यांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला, अशा स्पर्धेला आशियाई स्पर्धा कसं म्हणायचं असा. झालं, सगळं शहर भारताविरुद्ध पेटलं. भारतीय दूतावासावर जमाव चालून गेला. खेळाडू दिसतील तिथे हुर्यो.

त्या संघातले खेळाडू पुढे सांगत की बसमधून जाताना शीख खेळाडूंना सीटखाली बसवावं लागे. पगडी दिसली की बस कुणाची हे कळायचं आणि दगड यायचे. सहा फुटी जर्नेल सिंग अंग चोरून बसच्या फरशीवर बसलाय, हे चित्र डोळ्यांपुढे आणा.

या जर्नेलचं डोकं आधीच फुटलेलं होतं. थायलंडविरुद्धच्या सामन्यात लागलं, टाके घातले. तो बचावफळीचा कणा. टाके घातलेल्या डोक्याने बचावात उभं राहून येणारे उंच चेंडू सामनाभर हेडरने परतवणं शक्य नव्हतं. कॉलेजच्या दिवसांत तो पुढे खेळलेला होता. रहीमसाहेबांनी त्याला सेंटर फॉरवर्ड केलं. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध त्याने गोल केला, अंतिम सामन्यातही केला. आजचे डॉक्टर अशा खेळाडूला मैदानावर पाऊल ठेवू देणार नाहीत आणि ते योग्यच आहे. त्या काळाच्या मापाने मात्र तो निर्णय धाडसाचा होता आणि जर्नेलला खेळायचंच होतं. गोलकीपर पीटर थंगराज तापाने आडवा झाला होता. अंतिम सामन्यासाठी तोही उठून उभा राहिला.

अंतिम सामना ४ सप्टेंबरला दक्षिण कोरियाशी. याच संघाने गटातल्या पहिल्या सामन्यात भारताला २-० ने हरवलं होतं. आदल्या रात्री कुणाच्या डोळ्याला डोळा लागेना. रहीमसाहेब पोरांपाशी आले. त्यांची तब्येत खालावत चालली होती. ते डावपेच सांगत बसले नाहीत. इतक्या वर्षांत मी तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही, उद्या मला एक भेट द्या, सुवर्णपदक द्या, अशा अर्थाचं ते बोलले. चुनी गोस्वामी, पी. के. बॅनर्जी या खेळाडूंच्या पिढीने ही रात्र मरेपर्यंत सांगितली.

ज्या माणसाने आयुष्यभर दिलं, तो मागतो तेव्हा ते मागणं वेगळंच वजन घेऊन येतं. नेहमी मागणाऱ्याने मागितलं असतं तर पोरांनी माना डोलावल्या असत्या आणि कूस बदलली असती.

दुसऱ्या दिवशी सुमारे लाखभर प्रेक्षक, बहुतेक सगळे विरोधात. आपल्या राष्ट्रगीतावरही हुर्यो झाली. स्टेडियमात भारताच्या बाजूने ओरडणाऱ्यांमध्ये पाकिस्तानचा हॉकी संघ होता, हेही खेळाडूच सांगत. पीकेने पहिला गोल मारला, पाठोपाठ जर्नेलने दुसरा. कोरियाने अगदी शेवटी एक फेडला. २-१. त्या सुवर्णविजेत्या संघात गोव्यातल्या कोलवाळचा, मुंबईत टाटांकडून खेळणारा फोर्तुनातो फ्रँकोही होता. गोवा मुक्त होऊन तेव्हा वर्षही झालेलं नव्हतं.

आशियाई स्पर्धेत भारताचं फुटबॉलमधलं ते शेवटचं सुवर्ण.

मागे काय उरलं

११ जून १९६३ ला रहीमसाहेब कर्करोगाने गेले. वय अवघं ५३. पुढच्या वर्षी प्रशिक्षक अल्बर्टो फर्नांडो ब्राझीलला शिकायला गेले आणि परत येऊन म्हणाले की तिथे आत्ता जे शिकवतात ते रहीमसाहेबांनी आम्हाला १९५६ मध्येच शिकवलं होतं. पी. के. बॅनर्जी स्वतः मोठे कोच झाले. सामन्याआधी खेळाडूंना चेतवणारं त्यांचं बोलणं कोलकात्यात ‘व्होकल टॉनिक’ म्हणून गाजलं. जकार्ताची ती रात्र ज्याने अनुभवली, त्याला शब्दांचं मोल ठाऊक असणारच.

आणि रोमच्या बाकावरचा हकीम? तो कडवट होऊन खेळापासून दूर गेला असता तर कुणी दोष दिला नसता. तो हवाई दलात स्क्वाड्रन लीडर झाला, आंतरराष्ट्रीय पंच झाला, १९८८ च्या आशिया चषकात त्याने पंचगिरी केली. मुंबईच्या महिंद्रा संघाला त्याने ड्युरँड करंडक मिळवून दिला. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत भारताचे कोच होते पीके आणि त्यांचा सहायक होता हकीम. ज्याला वडिलांनी खेळवलं तो आणि ज्याला खेळवलं नाही तो, दोघे एका संघाच्या मागे उभे. २०१७ मध्ये हकीमला ध्यानचंद पुरस्कार मिळाला, तोही आयुष्यभराच्या सेवेसाठी.

आपल्याकडे जिल्ह्याची निवड चाचणी झाली की संध्याकाळी चहाच्या टपरीवर कुजबुज सुरू होते: अमक्याचा भाचा होता, तमक्याने फोन केला होता. कधी ती खोटी असते, बऱ्याचदा खरी. त्यात ज्याचं नुकसान होतं तो पोरगा बहुधा लांबच्या तालुक्यातून पहिल्या एसटीने आलेला असतो, आणि पुढच्या चाचणीला तो येतच नाही. चाचणी घेणाऱ्यांनी त्याच्या परतीच्या तिकिटाची चौकशी करावी आणि यादीतली ओळखीची नावं दुसऱ्याकडून तपासून घ्यावीत. एवढं करायला रहीमसाहेबांएवढं फुटबॉल कळायची गरज नाही.